पहिला स्पेल सगळेच टाकतात

१३.३ षटकं, ८ निर्धाव, १८ धावा, २ बळी.

क्रिकेटची आवड असलेल्या कुणालाही हे आकडे दाखवा, तो म्हणेल, वा, काय टाकलंय! २१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्सवर भारत-इंग्लंड कसोटी सुरू झाली, त्या पहिल्या दिवसाचे हे झहीर खानचे आकडे. हवा ढगाळ होती, चेंडू हलत होता आणि इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर, कुक आणि स्ट्रॉस, झहीरनेच काढले होते. चौदाव्या षटकाचे तीन चेंडू टाकून तो थांबला. हॅमस्ट्रिंग म्हणतात तो मांडीमागचा स्नायू धरून तो मैदानाबाहेर गेला आणि त्या मालिकेत परत चेंडू टाकायला आलाच नाही.

पुढे काय झालं ते आठवत असेल. गोलंदाज इतके कमी पडले की यष्टिरक्षक कर्णधार धोनीने पॅड काढून राहुल द्रविडला यष्टीमागे उभं केलं आणि स्वतः गोलंदाजी केली. पीटरसनने नाबाद २०२ केल्या. लॉर्ड्स १९६ धावांनी गेलं, मालिका ४-० अशी गेली आणि कसोटीतला पहिला क्रमांकही गेला. पराभवाला कारणं पुष्कळ होती, फलंदाजही चालले नाहीत. पण ज्याच्या भरवशावर आखणी केली तो माणूस पहिल्या दिवशीच गेला, तिथून संघ सावरला नाही.

मला या आकड्यांबद्दल एवढंच म्हणायचं आहे की ते खोटं बोलतात. त्या दिवशी चहापानाआधी कुणी विचारलं असतं तर आपण सगळ्यांनी सांगितलं असतं, झहीर दुखण्यातून बाहेर आला, पूर्वीसारखाच टाकतोय. वेगवान गोलंदाज दुखापतीतून परततो तेव्हा आपण पहिला स्पेल बघतो, वेगाचा आकडा बघतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. खरी परीक्षा तिसऱ्या स्पेलमध्ये असते. चेंडू जुना झालाय, दुपारचं ऊन आहे, समोरचे दोघे जमलेत, आणि कर्णधार तिसऱ्यांदा चेंडू हातात देतो. त्या वेळी पाय साथ देतात का? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा साथ देतात का? ते कळेपर्यंत माणूस परतला असं म्हणू नये.

हे झहीरवरूनच लिहावंसं वाटतं, कारण तो आमच्या भागाचा. विंचूरहून येवला, कोपरगाव ओलांडलं की श्रीरामपूर काही फार लांब नाही. आमच्याकडे त्याचा उल्लेख ‘तो श्रीरामपूरचा’ असाच होतो, जणू पलीकडच्या गल्लीतला. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका, प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत. अभियांत्रिकीची वाट सोडून सतरा-अठराव्या वर्षी हा मुलगा चेंडू टाकायला मुंबईला गेला. तिथे सुधीर नाईक यांचा नॅशनल क्रिकेट क्लब, मग चेन्नईची एमआरएफ अकादमी, मग बडोद्याकडून रणजी, आणि २००० साली भारताची टोपी. तालुक्याच्या गावातला एक मुसलमान मुलगा भारताचा नवा चेंडू हातात घेतो, याचं आमच्या घरांमध्ये काय अप्रूप होतं ते वेगळं सांगायला नको. ते अप्रूप सगळ्या गावालाच होतं.

९२ कसोटी, ३११ बळी. हे वाचताना सरळ चढत गेलेली कारकीर्द डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात ती तुकड्यातुकड्यांची आहे. २००३च्या डिसेंबरात ब्रिस्बेनला ९५ धावांत ५ बळी घेतले आणि मांडीचा स्नायू गेला. २००७च्या अखेरीस मेलबर्नला पहिल्या डावात ४ बळी घेतले आणि टाच गेली, दौरा सोडून घरी यावं लागलं. २००९ला आयपीएलमध्ये खांदा गेला. २०१०ला पुन्हा मांडी, २०११ला मांडी आणि पाठोपाठ घोट्याची शस्त्रक्रिया. चौदा वर्षांत हा माणूस कसोटीत किती वेळा परतला ते मोजायला बसलं तर हाताची बोटं भरतात.

असं का होतं? वेगवान गोलंदाजी हे माणसाच्या शरीराला न शोभणारं काम आहे. धावत यायचं, उडी घ्यायची आणि पुढचा पाय ताठ ठेवून जमिनीवर आपटायचा. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच पटींहूनही जास्त भार येतो. त्याच वेळी कंबर एका बाजूला वाकते आणि पिळली जाते. वीस पावलं, म्हणजे साधारण वीस मीटरची धाव धरली आणि दिवसाला वीस षटकं धरली तर १२० वेळा हे सगळं करायचं. धावणंच सुमारे अडीच किलोमीटर होतं, तेही पूर्ण जोराने, आणि परत चालत जाणं वेगळं. असा एक दिवस झाला की दुसऱ्या दिवशी तेच. पाठीच्या मणक्याला बारीक तडा जातो तो एका चेंडूने जात नाही. रोज थोडं थोडं झिजत जातं आणि एके दिवशी वाकता येत नाही.

आता ही बाजू मान्य केली तरी कुणी म्हणेल, पैसे मिळतात की त्याचे! आयपीएलमध्ये कसं दुखत नाही? प्रश्न रास्त आहे, टाळू नये. आयपीएलच्या सामन्यात एका गोलंदाजाला चार षटकं असतात, म्हणजे २४ चेंडू. कसोटीत तेवढे तर एका स्पेलमध्ये होतात. त्यामुळे आयपीएल खेळला म्हणजे कसोटीला तयार झाला, हे गणितच चूक. पण आयपीएल म्हणजे विश्रांती, हेही चूक. २०११चं वेळापत्रक बघा. २ एप्रिलला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेत झहीरने २१ बळी घेतले होते, शाहिद आफ्रिदीबरोबर सगळ्यांत जास्त. ८ एप्रिलला, म्हणजे सहा दिवसांनी, आयपीएल सुरू. त्याचा बंगळुरूचा संघ २८ मेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. मग दुखऱ्या घोट्यामुळे वेस्ट इंडिजचा दौरा चुकला आणि जुलैत एकदम लॉर्ड्स. ज्यांनी हे वेळापत्रक आखलं त्यांना मांडीमागचा स्नायू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून आखलं. माझा राग असलाच तर तो त्या वेळापत्रकावर आहे, चौदाव्या षटकात थांबलेल्या माणसावर नाही.

गोलंदाज वेळेवर आणि नीट परतला तर काय होतं, त्याचंही उदाहरण झहीरचंच आहे, आणि ते लॉर्ड्सच्या सात महिने आधीचं. डिसेंबर २०१०, दक्षिण आफ्रिका. सेंच्युरियनच्या पहिल्या कसोटीत झहीर मांडी दुखावल्याने बाहेर बसला. आफ्रिकेने ४ बाद ६२० केल्या, आपण एक डाव आणि २५ धावांनी हरलो. सचिनचं पन्नासावं कसोटी शतक त्याच सामन्यातलं, म्हणून तो लक्षात तरी राहिला. २६ डिसेंबरला डर्बनला दुसरी कसोटी सुरू झाली आणि झहीर आला. पहिल्या डावात ३६ धावांत ३, दुसऱ्यात ५७ धावांत ३. शिवाय फलंदाजीत लक्ष्मणच्या ९६ धावांच्या जोडीला उभा राहून २७ केल्या, आठव्या गड्यासाठी दोघांनी ७० जोडल्या. सामना आपण ८७ धावांनी जिंकला. ज्या आफ्रिकेने सहाशे पार केल्या होत्या ती आठवड्याभरात १३१ला सर्वबाद झाली. खेळपट्टी वेगळी होती, हरभजनने १० धावांत ४ घेतले, श्रीसंतने दुसऱ्या डावात कॅलिसला उसळत्या चेंडूवर काढलं, हे सगळं खरं. पण आक्रमणाला पुढारी असला की बाकीचे कसे टाकतात, ते त्या चार दिवसांत दिसलं.

मग तेच शरीर डर्बनला टिकलं आणि लॉर्ड्सला का नाही? नशिबाचा भाग असतोच. पण झहीरच्या सगळ्या परतण्यांकडे एकत्र पाहिलं की मला एक गोष्ट ठळक दिसते. ज्या ज्या वेळी त्याला मधे वेळ मिळाला, त्या त्या वेळी तो आधीपेक्षा चांगला गोलंदाज होऊन आला.

याची सुरुवात २००६ साली झाली. तेव्हा दुखापतीपेक्षा संघातून वगळलं जाणं हे कारण होतं, पण वेळ मिळाला हे खरं. तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर या काउंटीकडून खेळायला गेला. हंगामभर थंडीवाऱ्यात, रिकाम्या प्रेक्षागृहांसमोर, आठवड्याला एक सामना या हिशेबाने टाकत राहिला. ७८ बळी घेतले. एसेक्सविरुद्ध तर एका डावात नऊ. तिथेच त्याने आपली धाव आखूड केली. लांबून उड्या घेत येणारा पोरगा गेला आणि थोडक्या पावलांत येऊन मनगटाने काम करणारा गोलंदाज आला. वेग थोडा उतरला असेल, पण चेंडू शेवटपर्यंत लपवायचा, जुना झाला की उलटा वळवायचा, डावखुऱ्या फलंदाजाला यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन छळायचं, हे सगळं त्यानंतरचं. २००७ला नॉटिंगहॅमला त्याने सामन्यात ९ बळी घेतले. खेळपट्टीवर जेली बीनच्या गोळ्या टाकणाऱ्यांना त्याने चेंडूनेच उत्तर दिलं. ती मालिका आपण इंग्लंडमध्ये जिंकली.

विंचूर-निफाडकडच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरातल्या छाटणीनंतर घड दिसतात, व्यापारी येतात, भाव ठरतो, म्हणून सगळ्यांना ती छाटणी माहीत असते. पण एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा बाग नुसती बोडकी दिसते. त्या छाटणीतून एक मणी मिळत नाही. उलट भर उन्हाळ्यात पाणी घाला, फुटवे विरळा, फवारण्या करा, सगळा खर्चच खर्च. तरी ती कुणी चुकवत नाही. त्या छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. ऑक्टोबरात घड बाहेर येतो तो तेव्हा आत तयार झालेला असतो. एप्रिलमध्ये कसर केली तर ऑक्टोबरात कितीही औषधं मारा, वांझ फूट निघते.

गोलंदाजाचे ते चार-सहा महिने म्हणजे खरड छाटणी. टीव्हीवर दिसत नाहीत, बातमी होत नाही. आणि आपण बाहेर उभे राहून विचारत असतो, अजून किती दिवस?

लॉर्ड्सनंतर झहीरला तो वेळ मिळाला. घोट्याची शस्त्रक्रिया झाली, मग मुंबईकडून रणजीत गोलंदाजी करून पाय तपासला, आणि २६ डिसेंबर २०११ला मेलबर्नच्या कसोटीत तो उतरला. पहिल्या डावात ७७ धावांत ४ बळी, त्यात क्लार्क आणि हसी लागोपाठच्या दोन चेंडूंवर. दुसऱ्या डावात ५३ धावांत ३. त्या कसोटीतही आपण हरलो, पुढची मालिकाही वाईट गेली, पण तो चारही कसोटी खेळला. माझ्या लेखी त्याचं पुनरागमन मेलबर्नच्या चार बळींत नव्हतं, चौथ्या कसोटीत तो अजून धावत येत होता त्यात होतं.

त्यानंतर २०१२च्या डिसेंबरात कोलकात्याच्या कसोटीनंतर त्याला वगळलं, तेव्हा बहुतेकांनी त्याचा हिशेब बंद केला. चौतीस वर्षांचा, जड झालेला, सारखा दुखणारा. तो युवराजबरोबर फ्रान्सला जाऊन व्यायाम करत राहिला. ऑक्टोबर २०१३मध्ये लाहलीला सचिनचा शेवटचा रणजी सामना झाला, सगळा देश सचिनकडे बघत होता, त्या मुंबई संघाचा कर्णधार झहीर होता. डिसेंबरात जोहान्सबर्गला तो पुन्हा कसोटीत आला. पहिल्या डावात ४ बळी, दुसऱ्या डावात कॅलिसला पायचीत करून तीनशेवा. कपिल देव, कुंबळे, हरभजन आणि मग हा. वेगवान गोलंदाजांत फक्त कपिलनंतर.

आणि फेब्रुवारी २०१४ला वेलिंग्टन. मॅकलमने त्रिशतक केलं, ती कसोटी जिंकता जिंकता हातची गेली, म्हणून आपण ती विसरायला बघतो. त्या एका डावात पस्तीस वर्षांच्या झहीरने ५१ षटकं टाकली. १७० धावा दिल्या, ५ बळी घेतले. ज्या पायाने लॉर्ड्सवर चौदावं षटक पूर्ण केलं नव्हतं, त्या पायाने ३०६ चेंडू. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. कौतुकाचे लेख लॉर्ड्सच्या १८ धावांतल्या २ बळींवर लिहिले जाणार नाहीत आणि वेलिंग्टनच्या १७० धावांतल्या ५वरही नाहीत. पण दुखापतीनंतर परतणं म्हणजे काय ते मला कुणी विचारलं तर मी वेलिंग्टनकडे बोट दाखवीन.

सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. सोलापुरात जन्मलेला सलील अंकोला १९८९च्या नोव्हेंबरात कराचीला सचिनच्याच बरोबरीने पहिली कसोटी खेळला. त्यानंतर त्याला दुसरी कसोटी कधीच मिळाली नाही. एकदिवसीय सामने अधूनमधून मिळत राहिले, आणि तिशीच्या आत पायाच्या हाडाच्या दुखण्याने खेळच संपवला. पालघरचा शार्दूल ठाकूर मात्र दैवाने वाचला. ऑक्टोबर २०१८ला हैदराबादला पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकले आणि जांघेतला स्नायू दुखावून बाहेर. दहा चेंडूंची कसोटी कारकीर्द! पुढची कसोटी मिळायला जानेवारी २०२१ उजाडला, तीही ब्रिस्बेनला बुमराह, अश्विन, जडेजा सगळे दुखावले म्हणून. त्याने सामन्यात ७ बळी घेतले आणि ६७ धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ जोडल्या. आपण ती मालिका जिंकलो. मधली सव्वादोन वर्षं तो मुंबईच्या मैदानांवर, रणजीत, भारत ‘अ’ संघात टाकत होता, म्हणून हाक आली तेव्हा शरीर तयार होतं. अंकोलाच्या काळात अशी सावरून घेणारी व्यवस्था किती होती, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आज व्यवस्था आहे, पैसा आहे, फिजिओ आहेत. बदलली नाही ती आपली जीभ. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळला. पाचही खेळणार नाही हे निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी दौऱ्याआधीच सांगितलं होतं. आगरकर स्वतः मुंबईचे वेगवान गोलंदाज, त्यांना हा हिशेब कळतो. तरी चौकाचौकांत एकच सूर, हा सामने निवडून खेळतो. त्यात भारत जिंकला त्या बर्मिंगहॅम आणि ओव्हलच्या दोन्ही कसोटी नेमक्या त्याच्याविना. मग काय, सिराजकडे बघा म्हणे, पाचही खेळला, १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले, ओव्हलला सहा धावांनी सामना काढून दिला.

सिराजचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण सिराजच्या पाठीने बुमराहची पाठ मोजायची नसते. बुमराहच्या पाठीवर मार्च २०२३मध्ये शस्त्रक्रिया झाली आहे. त्याआधी जुलै २०२२नंतर आणि पुढे डिसेंबर २०२३पर्यंत तो एकही कसोटी खेळू शकला नव्हता. परतल्यावर ऑस्ट्रेलियात त्याने पाच कसोटींत १५१.२ षटकं टाकून ३२ बळी घेतले, आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठ आवळली म्हणून तो बाहेर बसला. समोर १६२चं लक्ष्य होतं, ऑस्ट्रेलियाने ते गाठलं. ज्यांनी तेव्हा ‘एकट्यावर किती ओझं टाकता’ म्हणून गळा काढला, तेच सहा महिन्यांनी ‘तीनच का खेळतो’ म्हणत होते. ‘मी तीन खेळू शकतो’ असं आधी सांगणं आणि तिन्ही खेळणं, हा मला प्रामाणिक व्यवहार वाटतो. पाच खेळतो म्हणून उतरायचं आणि चौदाव्या षटकात संघाला उघडं पाडायचं, त्यापेक्षा हे केव्हाही बरं.

इतकं सगळं मोठ्यांबद्दल लिहितो आहे ते एका लहानामुळे. माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. डावखुरा, उंच, चेंडू चांगला उसळवतो. आठवड्यातले तीन दिवस नाशिकला लेदर बॉलवर सराव, आणि रविवारी गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा. त्या स्पर्धांमध्ये षटकं थोडी असतात, पण जिंकत गेलं तर दिवसात चार सामने होतात. टेनिस बॉल हलका, त्याला वेग द्यायचा तर खांदा आणि कंबर झटकावी लागते. उरलेल्या दिवसांत तो कांद्याच्या खळ्यावर काम करतो, गोण्या भरतो, गाडीत चढवतो. गेल्या हिवाळ्यात कंबर धरली. महिनाभर गोळ्या खाऊन खेळला. शेवटी एमआरआय काढला तेव्हा मणक्याला तडा निघाला. चार महिने गोलंदाजी बंद आणि वजन उचलणंही बंद.

गोलंदाजी बंद हे एक वेळ घरात कुणाला जाणवलं नसतं. वजन उचलणं बंद म्हणजे खळ्यावरची हजेरी बंद. आपाच्या घरात ती हजेरी मोजून घरखर्चाला लागते. स्पर्धेचे आयोजक विचारायला यायचे, एक सामना तरी टाक. एक जण तर दारात उभं राहून म्हणाला, सुईनं काय तडा भरतो काय, अंग गरम झालं की आपोआप मोकळं होतं. दोन महिन्यांनी दुखणं थांबलं आणि पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, “मामू, आता काहीच दुखत नाही. अजून दोन महिने बसलो तर माझी जागा दुसरा घेईल.”

मी त्याला म्हटलं, “घेऊ दे. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नसतं. डॉक्टर म्हणतील त्या दिवसापर्यंत चेंडू हातात धरायचा नाही.” तो रागावून गेला. आठ दिवस बोलला नाही. आपाला मात्र मी जे बोललो ते पटलं होतं, आणि ते पटणं तिला महाग पडत होतं.

आता त्याचे चार महिने झालेत. आधी नुसतं उभ्याने बारा चेंडू, मग चार पावलांवरून, मग अर्ध्या धावेवरून चोवीस, एक दिवस टाकायचं आणि एक दिवस थांबायचं, असं चाललंय. अंगणात दोऱ्याला चेंडू बांधून मनगट फिरवत बसतो. धाव आखूड केली आहे. या हंगामात तो स्पर्धा खेळणार नाही. पुढच्या हंगामात खेळेल का आणि खेळला तर कसा, ते आज सांगता येत नाही. एका सामन्यात तीन बळी घेतले म्हणून आम्ही पेढे वाटणार नाही, एवढं ठरलंय.

झहीरला फ्रान्स मिळालं, बुमराहला न्यूझीलंडचा शल्यविशारद मिळाला. विंचूर, लासलगाव, निफाड, येवल्याच्या पोरांना त्यातलं काही मिळणार नाही. पण त्यांना जे मिळू शकतं त्याला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे दिवाळीनंतर स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. आयोजकांनी नियमपत्रिकेत एक ओळ वाढवावी, वीस वर्षांखालच्या मुलाला एका दिवशी दोनपेक्षा जास्त सामन्यांत गोलंदाजी देऊ नये. ज्या खळ्यावर असा मुलगा कामाला आहे तिथल्या शेठने त्याला चार महिने गोण्यांऐवजी वजनाच्या नोंदी लिहायला बसवावं. हजेरी थोडी कमी दिली तरी चालेल, पण चालू ठेवावी. आणि सीमारेषेवर बसलेल्या आपण सगळ्यांनी ‘नाटक करतोय’ हे दोन शब्द गिळावेत.

नाशिक जिल्ह्यातून कसोटीत नवा चेंडू घेणारा कुणी उद्या निघाला, तर तो असाच कुठल्या तरी खळ्यावरून, कुठल्या तरी बागेतून निघेल. त्याची पाठ एकोणिसाव्या वर्षी मोडली तर ती मोडल्याची बातमीसुद्धा होणार नाही. गावात एवढंच म्हणतील, पूर्वी चांगला टाकायचा.